अंडं नाही, लोणी नाही. मग व्हीगन मफिनमध्ये असतं तरी काय?

केकच्या मिश्रणातून अंडं काढलं की नुसता एक जिन्नस कमी होत नाही, पाच कामं उघड्यावर पडतात. मिश्रण बांधून ठेवणं, भाजताना ते फुगवणं, तेल आणि पाणी एकजीव करणं, ओलावा टिकवणं आणि वरून सोनेरी रंग चढवणं ही सगळी कामं ते एकटं करत असतं. लोणी काढलं की आणखी दोन-तीन कामं रिकामी होतात. ती कुणीतरी करावीच लागतात, नाहीतर ओव्हनमधून बसका, चिकट गोळा बाहेर येतो. कॉफीशॉपच्या काचेच्या कपाटात ‘व्हीगन’ अशी चिठ्ठी लावलेला मफिन दिसला की त्याच्या पोषणाबद्दल विचारायचा प्रश्न हाच: या रिकाम्या जागांवर कोण येऊन बसलं?

बरेच जण हा प्रश्न विचारत नाहीत. चिठ्ठी वाचूनच मन निर्धास्त होतं. व्हीगन म्हणजे हलकं, कमी कॅलरीचं, तब्येतीला बरं, असं आपण गृहीत धरतो. त्यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. आपणच वडाची साल पिंपळाला लावतो.

‘व्हीगन’ हा शब्द नोव्हेंबर १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये जन्माला आला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली, तेव्हा ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची सुरुवात आणि शेवट जोडून तो तयार केला. प्राण्यांना वापरून मिळणारं काहीही घ्यायचं नाही, हा त्यामागचा विचार. मांस-मासे नाहीत, दूध, अंडी आणि मधही नाही. हा नैतिक निर्णय आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण साखर, मैदा, पाम तेल, खोबरेल तेल हे सगळं वनस्पतींपासूनच येतं. त्यामुळे निव्वळ साखर आणि तेलाचा गोळासुद्धा शंभर टक्के व्हीगन असू शकतो. हा शब्द जिन्नस कुठून आले ते सांगतो, ते किती आहेत आणि शरीरात गेल्यावर काय करतात याबद्दल तो काहीच बोलत नाही.

अंड्याच्या खुर्चीवर कोण?

कवच काढलेलं मोठं अंडं साधारण ५० ग्रॅमचं असतं. त्यात तीन चतुर्थांश पाणी, सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि पाचेक ग्रॅम चरबी. पांढरा भाग साठ अंशांच्या थोडं वर घट्ट होऊ लागतो, पिवळा त्यानंतर. ही घट्ट होणारी प्रथिनंच केकचा सांगाडा उभा करतात. पिवळ्या भागातलं लेसिथिन तेल-पाण्याची मोट बांधतं.

त्याच्या बदल्यात सगळ्यात जुना उपाय म्हणजे खायचा सोडा आणि व्हिनेगर. दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात आणि मिश्रण फुलतं. महायुद्धांच्या आणि मंदीच्या काळात अंडी, दूध, लोणी मिळेना तेव्हा लोक असेच केक करत होते. त्या वेळी त्यांना कुणी व्हीगन म्हणत नव्हतं एवढंच. या उपायाने केक फुगतो, पण पोषणात काहीच भर पडत नाही. अंड्याची प्रथिनं गेली ती गेलीच.

दुसरा उपाय जवस किंवा चिया. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवली की दहा मिनिटांत बुळबुळीत होते आणि मिश्रण धरून ठेवते. सात ग्रॅमच्या या चमच्यातून जवळजवळ दोन ग्रॅम तंतू, सव्वा ग्रॅमभर प्रथिनं आणि दीड ग्रॅमच्या वर ओमेगा-३ गटातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळतं. अंड्याची प्रथिनं यातून भरून निघत नाहीत, पण अंड्यात अजिबात नसलेले तंतू मिळतात. हा बदल मला आवडतो, कारण इथे काहीतरी देऊन काहीतरी मिळतं.

तिसरा उपाय गेल्या दहा-बारा वर्षांतला. काबुली चणे शिजवून उरलेलं पाणी आपण ओतून देतो. ते घोटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस धरतं, हे २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी गूस वोल्ट या अमेरिकी सॉफ्टवेअर अभियंत्याने त्याला ‘ॲक्वाफाबा’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये ॲक्वा म्हणजे पाणी, फाबा म्हणजे शेंगातलं कडधान्य. तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं, असं ढोबळ माप. आता ‘चण्याचं पाणी’ म्हटलं की प्रथिनं डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात प्रथिनं चण्यातच राहतात, पाण्यात जेमतेम उतरतात. या फेसापासून केलेला व्हीगन मेरिंग किंवा मॅकरून कपाटात दिसला तर तो मुख्यतः साखर आहे असंच समजावं.

याशिवाय पिकलेलं केळं, सफरचंदाचा गर, बटाट्याचा किंवा मक्याचा स्टार्च. केळ्याने गोडी येते आणि साखर थोडी कमी घालता येते. स्टार्च घातला तर कर्बोदकांत आणखी कर्बोदकं. मऊ टोफू घोटून घालणारे थोडे आहेत, पण पोषणाच्या दृष्टीने अंड्याच्या जवळात जवळ जाणारा उपाय तोच: साठ ग्रॅममध्ये तीन-चार ग्रॅम प्रथिनं.

लोण्याच्या जागी येणारी चरबी

खरी मेख इथे आहे. पोषणाच्या तक्त्यावर सगळ्यात मोठा फरक अंड्याने पडत नाही, चरबीने पडतो.

लोणी खोलीत घट्ट राहतं आणि तोंडात, ३२ ते ३५ अंशांच्या आसपास, विरघळतं. म्हणून लोण्याचं बिस्किट खुसखुशीत लागतं आणि क्रोसाँचे पापुद्रे सुटे होतात. पापुद्र्यांच्या पदार्थात पिठाच्या दोन थरांमध्ये घट्ट चरबीचा थर लागतो. ओव्हनमध्ये पाण्याची वाफ होते आणि ती थर उचलते. तिथे पातळ तेल ओतलं तर ते पिठात मुरून जातं, थर उरत नाहीत. तेव्हा वनस्पतींपासून मिळणारी, पण घट्ट चरबी शोधावी लागते. चरबी घट्ट असण्याचं कारण म्हणजे तिच्यात संपृक्त चरबीचं प्रमाण जास्त असणं. हीच ती चरबी, जिच्यामुळे रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, वाढतं.

वनस्पतींच्या जगात घट्ट चरबी देणारे प्रमुख दोन: पाम आणि नारळ. पाम तेलात सुमारे निम्मी चरबी संपृक्त असते. खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त. लोण्यात शंभर ग्रॅमला सुमारे ५१ ग्रॅम. म्हणजे ज्या खोबरेल तेलाला ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’ म्हणून गौरवलं जातं, ते संपृक्त चरबीत लोण्याच्या कितीतरी पुढे आहे.

यावर उत्तर दिलं जातं की खोबरेल तेलातली चरबी वेगळी, मध्यम लांबीच्या साखळीची असते आणि लगेच जळून जाते. त्यातलं निम्म्याच्या आसपास आम्ल लॉरिक असतं. कागदावर ते मध्यम साखळीत मोडतं, पण शरीरात त्याचं वागणं बरंचसं लांब साखळीसारखं असतं आणि त्याने एलडीएल वाढतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये चरबीविषयी जो सल्ला प्रसिद्ध केला, त्यात खोबरेल तेल न वापरण्याची शिफारस याच कारणाने होती. चवीसाठी ते जरूर वापरावं, मीही वापरते. पण औषध समजून चमच्याने घालू नये.

मार्गारिनचीही कथा थोडक्यात सांगायला हवी, कारण व्हीगन बेकरीत ते सर्रास असतं. इपोलित मेज-मूरिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ते १८६९ मध्ये तयार केलं, तेव्हा त्यात गाई-बैलांची चरबी होती. वनस्पती तेल घट्ट करण्याची हायड्रोजनेशनची पद्धत विल्हेल्म नॉर्मान या जर्मन शास्त्रज्ञाने १९०२ च्या सुमारास आणली आणि मार्गारिन वनस्पतींकडे वळलं. पण तेल अर्धवट हायड्रोजनेट केलं की ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला संपृक्त चरबीपेक्षाही घातक, हे कळायला अनेक दशकं गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सगळ्या देशांना औद्योगिक ट्रान्स फॅट हद्दपार करण्याचं आवाहन केलं आणि बऱ्याच ठिकाणी कायदे झाले. आजचं चांगलं मार्गारिन पाम आणि पातळ तेलं मिसळून करतात. तरीही जिन्नसांच्या यादीत ‘अर्धवट हायड्रोजनेटेड’ हे शब्द दिसले तर तो पदार्थ तिथेच ठेवावा. आणखी एक: सगळं मार्गारिन व्हीगन नसतं. काहींत दुधाची निवळी असते, काहींत मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढलेलं ड-३ जीवनसत्त्व.

मफिन, ब्राउनी, लोफ केक यांना थर लागत नाहीत. तिथे सूर्यफूल, कनोला, ऑलिव्ह असं पातळ तेल उत्तम चालतं. तेव्हा नियम सोपा आहे: व्हीगन मफिनमध्ये पातळ तेल असण्याची शक्यता जास्त, व्हीगन क्रोसाँ, क्रीम आणि चीजकेकमध्ये घट्ट चरबी असणारच.

एका मफिनचा हिशेब

आकडे समोर मांडले की बोलणं सोपं होतं. कॉफीशॉपमधला मोठा ब्लूबेरी मफिन घेऊ. एका मफिनला ४५ ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम साखर, १८ ग्रॅम तेल, ४० मिलिलिटर ओटचं दूध आणि २० ग्रॅम ब्लूबेरी धरू. प्रत्येक दुकानाचं माप वेगळं असेल, पण साधारण असंच असतं.

मैद्याच्या १६५ कॅलरी, साखरेच्या १२०, तेलाच्या १६०, दूध-फळाच्या मिळून तीसेक. बेरीज सुमारे ४७०. प्रथिनं पाच ग्रॅम, तंतू दोन ग्रॅम.

आता त्याच मापाचा अंड्या-लोण्याचा मफिन: तेलाऐवजी २२ ग्रॅम लोणी, अर्धं अंडं, थोडं गाईचं दूध. कॅलरी सुमारे ५१०, प्रथिनं नऊ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे व्हीगन मफिनने चाळीस कॅलरी वाचवल्या आणि चार ग्रॅम प्रथिनं गमावली. ‘हलकं’ म्हणावं असा हा फरक नाही.

संपृक्त चरबीकडे पाहिलं की चित्र फिरतं. लोण्याच्या मफिनमध्ये ती बारा ग्रॅमच्या आसपास. व्हीगन मफिन सूर्यफूल तेलात केला असेल तर दोन ग्रॅम. तोच खोबरेल तेलात केला असेल तर पंधरा. कॅलरी तितक्याच, चिठ्ठी तीच, पण एक लोण्याच्या मफिनहून कितीतरी बरा आणि दुसरा त्याच्याहून वाईट. दिवसभराच्या ऊर्जेपैकी संपृक्त चरबी दहा टक्क्यांच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी हे बावीस ग्रॅम होतात. खोबरेल तेलाच्या एका मफिनने त्यातले दोन तृतीयांश संपले.

साखरेचंही तसंच. वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर मिळून ‘मुक्त साखर’ दहा टक्क्यांच्या आत, जमलं तर पाच टक्क्यांच्या आत ठेवावी, ही संघटनेची २०१५ ची शिफारस. २००० कॅलरींना म्हणजे पन्नास ग्रॅम, जमलं तर पंचवीस. आपल्या मफिनमध्ये तीस आहेत. त्यात व्हीगन असण्या-नसण्याने एका दाण्याचाही फरक पडत नाही.

आणि ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ ही पाटी? ती खरी असते, पण तिच्यातून काहीच कळत नाही. वनस्पतींत कोलेस्टेरॉल नगण्यच असतं, म्हणून प्रत्येक व्हीगन पदार्थ कोलेस्टेरॉलमुक्त असतोच. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढण्यात ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा हात मोठा असतो.

गोडीची अनेक नावं

व्हीगन पदार्थांच्या चिठ्ठ्यांवर साखर वेगवेगळे कपडे घालून येते. मेपल सिरप, अगावे, खजुराचा पाक, तांदळाचा पाक, नारळाच्या फुलोऱ्याची साखर. यांतल्या काहींत खनिजं असतात, पण इतकी थोडी की ती मिळावीत म्हणून जेवढं खावं लागेल तेवढ्या साखरेने नुकसानच व्हावं. अगावेच्या पाकात फ्रुक्टोज जास्त, म्हणून रक्तातली साखर तो हळू चढवतो. पण फ्रुक्टोजचा भार यकृतावर येतो, तेव्हा तो मोकळ्या हाताने घालावा असं काही नाही. हे सगळे पाक मुक्त साखरेतच मोजायचे.

अख्खा खजूर मात्र वेगळा. त्यात दोन तृतीयांश साखर असली तरी शंभर ग्रॅममागे सहा-सात ग्रॅम तंतू सोबत असतात आणि तो चावून खावा लागतो. खजूर, बदाम आणि कोको कुटून केलेला चाळीस ग्रॅमचा छोटा लाडू, ज्याला कॉफीशॉपमध्ये ‘एनर्जी बॉल’ म्हणतात, तो माझ्या हिशेबात दीडशे कॅलरी, साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि चार ग्रॅम तंतू देतो. मफिनच्या एक तृतीयांश कॅलरींत त्याच्या दुप्पट तंतू. कपाटातली ही सगळ्यात लहान वस्तू बरेचदा सगळ्यात भरीव असते. अट एकच: दोनवर थांबायचं.

साखरेच्या शुद्धीकरणात काही देशांत हाडांचा कोळसा वापरतात, म्हणून काटेकोर व्हीगन लोक तीही चौकशी करतात. बीटच्या साखरेला तो लागत नाही. तयार पावाच्या पिठात घालण्यात येणारं एल-सिस्टीन पिसांपासून काढलेलं असू शकतं, चकाकीसाठी लाख वापरलेली असू शकते. पोषणाशी याचा संबंध नाही, पण ज्याने तत्त्व म्हणून व्हीगन जगणं स्वीकारलं आहे त्याच्यासाठी हे प्रश्न कॅलरींहून महत्त्वाचे आहेत.

कपाटातल्या बाकी वस्तू

बनाना ब्रेड नावाने पाव आहे, प्रत्यक्षात केक. केळ्यामुळे ओलावा आणि थोडे तंतू येतात, पण साखर-तेल मफिनच्याच घरातलं. वरून अक्रोड असतील तर माझं मत त्याच्या बाजूने.

ओटची कुकी थोडी उजवी. ओटमध्ये बीटा-ग्लुकान नावाचा विरघळणारा तंतू असतो. दिवसाला तीन ग्रॅम पोटात गेला तर एलडीएल कमी व्हायला मदत होते. कुकीत पंचवीस ग्रॅम ओट असले तर त्यातून एक ग्रॅम मिळतो. मात्र ओट एकमेकांना चिकटावेत म्हणून पाक लागतो, तेव्हा चावल्यावर दाताला चिकटणारी कुकी ही जास्त साखरेची, असं मी समजते.

राजमा, काळा घेवडा किंवा चणे वाटून केलेली ब्राउनी मिळाली तर ती घ्यावी. कडधान्य अंड्याचं बांधण्याचं काम करतं, मैद्याची जागा घेतं आणि प्रथिनं-तंतू दोन्ही देतं. कोकोच्या चवीत ते ओळखूही येत नाही.

काजूचं ‘चीजकेक’ हे फसवं प्रकरण. काजू भिजवून वाटायचे, खोबरेल तेल आणि पाक घालायचा आणि गोठवायचं. भाजणं नाही, मैदा नाही, म्हणून ‘रॉ’, ‘शुद्ध’ अशी विशेषणं लागतात. जिन्नस चांगले आहेत, पण सगळे घट्ट ऊर्जेचे. ग्रॅमभर चरबीतून नऊ कॅलरी मिळतात, कर्बोदकांतून आणि प्रथिनांतून चार. पातळसा तुकडा खावा.

‘ग्लुटेनमुक्त’ हा आणखी एक शब्द व्हीगनच्या शेजारी बसलेला असतो. ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन. ते ज्यांच्या आतड्याला इजा करतं, अशा सीलिअॅक आजार असलेल्यांसाठी तो अत्यावश्यक आहे. बाकीच्यांसाठी त्याचा अर्थ बऱ्याचदा गव्हाच्या जागी तांदळाचं पीठ आणि टॅपिओकाचा स्टार्च एवढाच निघतो, म्हणजे प्रथिनं आणि तंतू आणखी कमी. बदामाचं किंवा बकव्हीटचं पीठ असेल तर गोष्ट वेगळी.

‘प्रोटीन मफिन’ पाहिला तर एक भागाकार करावा. युरोपातल्या नियमानुसार एकूण कॅलरींपैकी १२ टक्के प्रथिनांतून आल्या तर पदार्थाला ‘प्रथिनांचा स्रोत’ म्हणता येतं, २० टक्के आल्या तर ‘भरपूर प्रथिनांचा’. प्रथिनांचे ग्रॅम गुणिले चार, भागिले एकूण कॅलरी. आपल्या साध्या व्हीगन मफिनला चार-साडेचार टक्केच मिळतात.

आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो पदार्थ: साधा टोस्ट. पीठ, पाणी, यीस्ट, मीठ यांचा पाव मुळातच व्हीगन असतो, त्याला चिठ्ठीची गरज पडत नाही. अख्ख्या गव्हाचे दोन तुकडे आणि दोन चमचे शेंगदाण्याचं बटर यांतून चारशेच्या आत कॅलरी, पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिनं आणि सात-आठ ग्रॅम तंतू मिळतात. रोजची न्याहारी कॉफीशॉपमध्ये करणाऱ्यांना मी हाच सांगते. मफिन हा गोड पदार्थ आहे, आवडीने आणि अधूनमधून खावा. न्याहारीच्या जागी रोज बसवला की अकरा वाजता पुन्हा भूक लागते.

ॲलर्जी असेल तर चिठ्ठीवर विसंबू नका

हा मुद्दा जिवाशी आहे. दुधाची किंवा अंड्याची ॲलर्जी असलेले लोक ‘व्हीगन’ वाचून निश्चिंत होतात. व्हीगन म्हणजे ते जिन्नस मुद्दाम घातलेले नाहीत, इतकंच. त्याच भट्टीत, त्याच पत्र्यावर, त्याच चिमट्याने लोण्याचा क्रोसाँ उचलला असेल तर दुधाचे कण मफिनवर येतात. तत्त्व म्हणून व्हीगन असलेल्याला त्याने शारीरिक अपाय होत नाही, तीव्र ॲलर्जी असलेल्याचा श्वास अडकू शकतो. विचारताना “हे व्हीगन आहे का?” असं न विचारता “मला दुधाची ॲलर्जी आहे, यात किंवा याच्या आसपास दूध येतं का?” असं स्पष्ट विचारावं आणि उत्तर डळमळीत वाटलं तर पदार्थ घेऊ नये.

उलट बाजूही आहे. दूध-अंडी गेल्यावर बदाम, काजू, सोया, तीळ येतात आणि तीही ॲलर्जीची मोठी कारणं आहेत. काही पिठांत ल्युपिन नावाचं कडधान्य असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींना ते चालत नाही.

सोबतच्या कपात काय आहे?

मफिन एकटा येत नाही. सोयाच्या दुधात शंभर मिलिलिटरला तीन ग्रॅमच्या वर प्रथिनं, जवळजवळ गाईच्या दुधाइतकी. ओटच्या दुधात ग्रॅमभर. बाजारातल्या बदामाच्या दुधात अर्धा ग्रॅम, कारण त्यात बदाम फार थोडे असतात. ओटचं दूध गोड लागतं ते त्यात साखर घातल्यामुळेच असं नाही. ओटचा स्टार्च विकरांनी तोडतात तेव्हा माल्टोज ही साखर तयार होते. ही पद्धत स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या रिकार्ड ओस्ते यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विकसित केली. प्रथिनं कमी पडलेल्या मफिनसोबत सोयाच्या दुधाची कॉफी घेतली तर कमतरता बरीच भरून निघते.

कॅल्शियम आणि ब-१२ हे वेगळं प्रकरण. ब-१२ वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. ते बाहेरून घातलेलं, म्हणजे फोर्टिफाइड दूध किंवा गोळी, यांतूनच घ्यावं लागतं. पूर्ण व्हीगन आहार असलेल्याने हे कधीच टाळू नये. थकवा, हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा अशी लक्षणं दिसेपर्यंत काही वर्षं जातात आणि मज्जातंतूंची हानी कधी कधी भरून येत नाही. घातलेलं कॅल्शियम डब्याच्या तळाशी बसतं, म्हणून डबा हलवूनच ओतावा.

आणखी एक बारीक गोष्ट. कॉफीतली पॉलिफेनॉल द्रव्यं वनस्पतींतलं लोह शोषू देत नाहीत. मफिनमध्ये लोह असतं तरी किती, म्हणून तिथे फारसं बिघडत नाही. पण कडधान्याच्या, पालेभाजीच्या जेवणावर लगेच कॉफी घेण्याची सवय असेल, आणि आहार व्हीगन असेल, तर कॉफी जेवणापासून लांब न्यावी आणि जेवणात लिंबू असू द्यावं.

तोच मफिन, दुसऱ्या हाताने

जिथे कॅलरींचे आकडे लिहिलेले असतात तिथे आपली नजर तेवढ्याच आकड्यावर जाते. अमेरिकेत वीस किंवा जास्त शाखा असलेल्या साखळ्यांना २०१८ पासून ते लिहावे लागतात, इंग्लंडमध्ये मोठ्या व्यवसायांना २०२२ पासून. आकडा कळतो हे चांगलंच. पण तो एकटा पुरत नाही, हे मला माझ्या स्वयंपाकघरात कळलं.

वरच्या ४७० कॅलरींच्या मफिनवर मी बरेच महिने काम केलं. निम्मा मैदा काढून कणीक घातली. साखर तीसवरून अठरा ग्रॅमवर आणली आणि तीस ग्रॅम पिकलेलं केळं कुस्करून घातलं. तेल अठराऐवजी दहा ग्रॅम, तेही सूर्यफुलाचं. बारा ग्रॅम अक्रोड, पाच ग्रॅम जवसाची पूड, ओटऐवजी सोयाचं दूध. पहिल्या दोन खेपा दडस झाल्या, कारण कणीक जास्त पाणी पिते. मिश्रण भाजण्याआधी वीस मिनिटं झाकून ठेवलं तेव्हा ते जमलं.

मग आकडेमोड केली. प्रथिनं पाचऐवजी साडेनऊ ग्रॅम, म्हणजे अंड्या-लोण्याच्या मफिनच्या बरोबरीने. तंतू दोनाऐवजी सहा. वरून घातलेली साखर निम्म्याच्या जवळ आली. आणि कॅलरी? ४६६.